जुन्याच शाळेचा हट्ट

आर्डिथ मलिन्स म्हणजे मोडेल पण वाकणार नाही अशी बाई. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात तशा बायकांना तोटा नाही, पण आर्डिथ त्यांतही सवाई. पुराने तिचं घर नेलं, तेव्हा ती चर्चमध्ये इतरांना शिधा वाटत होती. कुणी विचारलंच तर म्हणायची, "आम्ही भावाकडे राहतोय. पाहुणे म्हणून."

भाऊ डेल डोंगरापलीकडे, दुसऱ्या जिल्ह्यात. त्याच्या परसात मासेमारीला न्यायची चाकांवरची खोली होती, तिथे आर्डिथ आणि तिची लेक टेसा झोपत. टेसाला जुन्या शाळेत सोडणारा डेलचा ट्रक बंद पडला आणि तिचं शाळेत जाणं थांबलं. तिकडच्या शाळेत जागा होती, पण वेल्डिंगचा वर्ग नव्हता. टेसाचं वेल्डिंगचं एकच वर्ष उरलं होतं आणि पोरीचा हात असा, की मास्तर तिने जोडलेला सांधा इतरांना दाखवत.

म्हणून दोघी जुन्या शाळेच्या कचेरीत आल्या. खिडकीत ग्लेना होती, चर्चमधलीच.

"राहता कुठे, आर्डिथ?"

"डेलकडे. पाहुणे म्हणून."

"मग नाव तिकडेच घालावं लागेल गं. जिल्हा बदलला."

शेजारच्या टेबलावरून मिसेस पेटी उठल्या. घर गमावलेल्या मुलांची शाळा सुटू नये, हे बघणं हेच त्यांचं काम. "घर गेलं म्हणून दुसऱ्याकडे राहावं लागत असेल, तर मुलीला इथेच शिकायचा हक्क आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ने-आण आम्ही करू. कायदाच आहे तसा. पण पाहुण्यांना तो लागू नाही. खरं काय ते तुम्हीच सांगा."

आर्डिथने वळून पाहिलं. मागे रांग होती, रांगेत सगळे ओळखीचे.

"राहू दे गं आई," टेसा म्हणाली. "शिकेन तिथलं काहीतरी."

काहीतरी! आर्डिथच्या काळजाला ते लागलं. ती खिडकीशी ताठ उभी राहिली आणि चर्चमध्ये गाते तेवढ्याच मोठ्याने बोलली.

"नदीने घर नेलं. दुसरं घ्यायची ऐपत नाही. मी आणि माझी पोर भावाच्या परसात, चाकांवरच्या डब्यात झोपतो. आम्ही बेघर आहोत, ग्लेना. आता बोल, हिला न्यायला गाडी कधी येते?"

अख्ख्या पुरात या बाईने एवढं मोठं ओझं उचललं नव्हतं. मिसेस पेटींनी तिथल्या तिथे फोन लावला. "सोमवारपासून," त्या म्हणाल्या. टेसाने आईचा हात धरला तो सोडेचना.

मागे एक दाढीवाला खाणकामगार उभा होता, दोन्ही बाजूंना दोन लहानग्या मुली. त्याने टोपी काढली.

"मावशी," तो पुटपुटला, "आम्ही पण सासूकडे पाहुणेच आहोत. उन्हाळ्यापासून."

आर्डिथ बाजूला झाली आणि तिने त्याला खिडकीपाशी जागा करून दिली.

"मोठ्याने सांग, बाळा. मरत नाही कुणी."