पारखीचा दगड

दगड काळा पडला, असं दत्तप्रसादनं सांगितलं आणि सोनमच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काळा कसा काय पडला?"

"आकाराम मूळचा माणूस न्हाय म्हणून. दरबारात जाता येणार न्हाय त्याला. बोल, पुढं काय करतीस?"

पुढं म्हणे. तीन वर्षं ज्या दारासाठी घालवली ते दार तोंडावर लावून घेतलं आणि हा बाबा पुढचं विचारतोय. सोनमनं हातातली भज्यांची प्लेट खाली ठेवली.

आता हा काय प्रकार होता ते आधी सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढी धडधाकट शिकलेली पोरगी दगडावरून कशाला भांडतीय. साल दोन हजार चार. शाहूपुरीत गणपतरावांचं पंपांच्या सुट्या भागांचं दुकान, आणि त्याच्या माडीवर दर रविवारी दुपारी चौघं जमायची. गणपतरावांचा मुलगा दत्तप्रसाद, त्याचा कॉलेजातला दोस्त अंबादास, शाळेत गणित शिकवणारी अदिती आणि रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करणारी सोनम. खेळ होता सोंगांचा. पट नाही, पत्ते नाहीत. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, त्याच्या तोंडानं बोलायचं, आणि दत्तप्रसादनं सूत्रधार होऊन त्यांच्यापुढं जंगल, चोर, राक्षस, राजे उभे करायचे. नियमांच्या जाड इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स त्याच्या मावसभावानं पुण्याहून पाठवली होती. खेळाला वीस बाजूंचा फासा लागतो, तो कोल्हापुरात कुठला मिळायला? मग हौजीच्या एक ते वीस आकड्यांच्या सोंगट्या एका बटव्यात घातल्या आणि त्यातनं एक काढायची, असं ठरलं.

आणि पुस्तकातलं काही धड कळलं नाही, म्हणजे दर दोन पानांनी, की चौघांनी भांडून ठरवायचं, निवाडावहीत लिहायचं आणि खाली चौघांनी सह्या करायच्या. सही झाली की तो कायदा. मग सूत्रधाराच्या बापालाही तो मोडता येणार नाही. ही वही म्हणजे त्या चौघांचा अभिमान होता. पुण्याची पोरं नुसती पुस्तकावर खेळतात, आपण कायदा करून खेळतो, असं दत्तप्रसादच चारचौघांत सांगायचा.

सोनमचं पात्र होतं बहुरूपी. दलदलीत जन्मलेला, करड्या कातडीचा, पाहिजे ते रूप घेणारा. त्याचं नाव तिनं आकाराम ठेवलं तेव्हा सगळे पोट धरून हसले होते. पहिल्या वर्षी आकाराम घार झाला, रेडा झाला, एकदा तर अदितीला लपवायला चक्क दरवाजा झाला. मग एके दिवशी त्यानं माणसाचं रूप घेतलं आणि ते पुन्हा सोडलं नाही. सोनमनंच तसं ठरवलं होतं. त्याच रूपात तो लढला, गडाला पाण्याचा झरा शोधून दिला, खालच्या गावांतून पाचशे माणसं जमवून आणली. गडाच्या दरबारात पाच आसनं होती आणि त्यातलं एक रिकामं. जो गडासाठी फौज आणेल त्याला ते आसन, असा राजाचा शब्द. त्या आसनावर आकाराम बसणार, ही एकच गोष्ट सोनमच्या मनात वर्षभर घोळत होती. दरबारात त्यानं पहिल्यांदा काय बोलायचं, तेही तिनं पेठ वडगावच्या एसटीत बसून कागदावर उतरवून काढलं होतं. तो कागद या क्षणी तिच्या पर्समध्ये होता.

आणि आज दारात दगड. पारखीचा दगड म्हणे. त्यावर रक्ताचा थेंब टाकायचा, मूळचा माणूस असेल तर पांढरा राहणार, नसेल तर काळा.

"पान एकसष्ट," दत्तप्रसाद म्हणाला. त्यानं झेरॉक्स तिच्यापुढं सरकवली. "रूप बदललं तरी तो मुळात जो होता तोच राहतो. सरळ लिहिलंय की."

"आणि पान एकशे त्रेचाळीस?" सोनमला पानं पाठ होती. "ज्याचं रूप घेतलं, त्याचे सगळे गुण आणि सगळे हक्क मिळतात. हेही सरळच लिहिलंय. दोन्हीतलं कुठलं धरायचं ते पुस्तक सांगत न्हाय. मग तू एकसष्टच का धरलंस?"

"अगं, ते उघडच हाय. मूळ कधी बदलतं व्हय?"

हे त्यानं इतक्या सहज म्हटलं की सोनम त्याच्याकडं बघतच राहिली. उघडच हाय. ज्याला कधी कुणी विचारलं नाही, त्याला सगळं उघडच असतं.

तिला विचारायचे की. लॅबमध्ये बाह्या वर करून बसलेले म्हातारे विचारायचे, हातात सुई घुसत असतानासुद्धा. गाव कुठलं? पेठ वडगाव. आडनाव? तेही सांगून झालं. "तसं न्हवं बाई, पण मूळचं?" तिच्या आज्ज्यानं, यल्लाप्पानं, छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. कुणी ढकललं म्हणून नाही, रात्र-रात्र बसून विचार केला, घरातल्यांशी भांडला आणि घेतली. त्याला आता अठ्ठेचाळीस वर्षं झाली. तिसरी पिढी नोकरीला लागली, तरी लोकांचं आपलं 'पण मूळचं' काही संपत नाही. सोनमनं आजवर हजारो लोकांचं रक्त तपासलं होतं. साखर दिसली, कावीळ दिसली, पण एकाही नळीत कुणाचं मूळ तिला दिसलं नव्हतं.

पण यातलं ती काही बोलली नाही. खेळाचं भांडण खेळाच्याच नियमानं जिंकायचं, असं तिनं ठरवलं. तिनं निवाडावही ओढली आणि पानं उलटली.

"निवाडा सतरा. वाच."

दत्तप्रसादनं वाचलं नाही, म्हणून अंबादासनं वाचलं. त्याच्याच पात्राचा निवाडा होता तो. "हंबीररावाला लांडगा चावला. तो आता लांडगाच समजावा. त्याचं मूळ उरलं नाही. लांडग्यांच्या गुहेत त्याला प्रवेश आहे."

"अक्षर कुणाचं?"

"दत्तूचं," अंबादास म्हणाला. "खाली चौघांच्या सह्या."

"ती भानगड वेगळी," दत्तप्रसाद म्हणाला. "हंबीररावाला चावला लांडगा. त्याच्या हातात काय होतं? आकाराम आपल्या मनानं माणूस झालाय."

"म्हणजे चावल्यावर बदलतो," सोनम सावकाश म्हणाली, "आणि विचार करून, ठरवून, स्वतःच्या मनानं बदलला तर बदलत न्हाय?"

खाली दुकानात गणपतराव गिऱ्हाइकाला वॉशरचं माप विचारत होते तेवढं ऐकू येत होतं. अदितीनं बटव्याची दोरी बोटाला गुंडाळली आणि सोडली.

दत्तप्रसाद लालबुंद झाला. "हे बघ सोनम, यात जातपात आणू नकोस. खेळ हाय हा."

"मी आणली? दगड कुणी आणला दारात? पुस्तकात दगड हाय?"

नव्हता. दगड दत्तप्रसादच्या डोक्यातून आला होता. आणि सोनमला संताप आला तो याचाच. हा काही वाईट माणूस नव्हता हो. तिचे वडील दवाखान्यात होते तेव्हा याच दत्तूनं चार दिवस डबा पोचवला होता. तिच्या घरी जेवायचा, तिच्या आईला काकू म्हणायचा. परका कुणी असता तर तिनं चार शब्द सुनावून विषय संपवला असता. पण ज्याला मनात येईल ते उभं करायची मोकळीक होती, त्यानं डोंगर करावा, समुद्र करावा, तर यानं काय केलं, माणसाचं मूळ तपासणारा दगड केला. आणि तोही कसलाही विचार न करता, दाराला कडी लावावी इतक्या सहज. तिला रडू येईल असं वाटलं, आणि त्याचा तिला आणखीनच राग आला.

दत्तप्रसादनं तिचा चेहरा बघितला आणि तो नरमला. "बरं, जाऊ दे. चिडू नकोस. या वेळी तुझ्यासाठी चालवून घेऊ. दगड पांढरा राहिला. आकाराम आत जातो. झालं समाधान?"

"झालं की," अदिती पटकन म्हणाली. तिला भांडणं सोसत नसत. "बस की गं आता."

"वहीत लिही," सोनम म्हणाली.

"काय?"

"निवाडा. जो ठरवून बदलला, तो बदललाच. त्याला मूळ विचारायचं न्हाय. लिही आणि खाली सही कर."

"लिहायची काय गरज हाय? आपल्या-आपल्यात हाय की. दिलं ना तुला."

"तू द्यायला ते तुझं होतं व्हय? फौज मी आणली. राजाचा शब्द होता."

"अगं, लिहिलं की ते सगळ्यांनाच लागू होतं," दत्तप्रसाद वैतागून म्हणाला. "उद्या कुणीही उठेल आणि दरबारात बसेल."

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकू आलं असावं. पण तोंडातून गेलेला शब्द परत येत नव्हता आणि त्यानं परत घ्यायचा प्रयत्नही केला नाही. पेन त्याच्या हातात होतं, टोपण लावलेलं. सोनम वाट बघत राहिली. मनातल्या मनात तिनं वीस आकडे मोजले, मग आणखी वीस. तो वहीकडं बघत होता, पेनकडं बघत होता, खिडकीकडं बघत होता. टोपण काही निघालं नाही.

"ठीक हाय," ती म्हणाली. तिचा आवाज आता शांत होता. "माझी पाळी हाय न्हवं? मग ऐक. आकाराम आत जात न्हाय."

"अगं, पण दगड पांढरा..."

"असू दे पांढरा. रक्त तपासून उघडणाऱ्या दारातनं मी जात न्हाय. मी माघारी फिरतो. आणि माझी पाचशे माणसं माझ्याबरोबर गड उतरत्यात."

दत्तप्रसाद ताठ झाला. "असं कसं? उद्या सकाळी गडाला वेढा पडणाराय. तुझ्या फौजेवरच सगळा खेळ बसवलाय मी. तीन महिने झटतोय त्याच्यावर."

"पडू दे की वेढा. दरबारातले लढतील. त्यांचं मूळ चांगलं हाय."

तिनं पर्स खांद्याला लावली. कागद आतच राहिला. अंबादास इतका वेळ भिंतीला टेकून बसला होता. मुळात तो फार बोलणारा नव्हताच. त्यानं मघाशी काढलेली आपली सोंगटी उचलून बटव्यात टाकली.

"हंबीरराव पण चालला," तो म्हणाला. "लांडग्याला तरी दरबारात कोण घेणाराय."

दत्तप्रसाद झेरॉक्सची पानं उलटायला लागला. पुढं उलटली, मागं उलटली. फौज परत जात असेल तर तिला कसं थांबवायचं, याचा काहीतरी नियम असणारच, असं त्याला वाटत होतं. तसा नियम त्या पुस्तकात नव्हता. सोनम जिना उतरायला लागली तसा तो जागेवरूनच ओरडला, "अरे, पण मग गडावर राहिलं कोण?"

अदितीनं आजूबाजूला बघितलं आणि बटव्याची दोरी आवळून तो दत्तप्रसादपुढं ठेवला. तिला अजूनही हे भांडण नको होतं, पण ती गणिताची बाई होती आणि उत्तर विचारलं होतं.

"तो दगड," ती म्हणाली, "आणि तू."