ओल्या लाकडाची खुर्ची

सासूबाईंचं आणि दारातल्या शिरिषाचं हाडवैर होतं. रोज सकाळी तोंड धुवून झालं की त्या खराटा घेऊन फाटकाबाहेर जायच्या आणि दिवसातला पहिला शब्द झाडाशी बोलायच्या. "मेल्या, कालच झाडलं होतं ना इथं? एका रात्रीत एवढा पसारा? जनाची नाही, मनाची तरी ठेव!" शिरीषही काही कमी नव्हता. कधी फुलांचा भुसा, कधी पानं, आणि वाळक्या शेंगा तर पडायच्या आधी महिनोन्‌महिने वर खुळखुळत बसायच्या. गल्लीतल्या लोकांना गजर लावायची गरजच नव्हती. सासूबाईंचा आवाज चढला की उठायची वेळ झाली म्हणून समजायचं.

यातली गंमत अशी की त्यांची सून पोट भरायची ती झाडांवरच. ती फर्निचर करायची, तेही फक्त शहरात पडलेल्या झाडांचं. वाऱ्याने उन्मळलेलं, रस्ता रुंद करताना आड आलेलं, आतून पोखरून धोक्याचं झालेलं, कुठलंही झाड पडल्याचं कळलं की ही हातातला घास टाकून धावायची. जे ओंडके सरपणात जायचे त्यांची ती टेबलं करायची, बाकं करायची, पलंग करायची. फांदी वाकडी असेल तर तिला सरळ करायच्या भानगडीत पडायची नाही, तिच्या वाकडेपणातून खुर्चीचा हात काढायची. शिक्षण रीतसर डिझाइनचं झालं होतं, पण गल्ली तिला सुतारीण म्हणायची आणि तिला ते पदवीपेक्षा जास्त आवडायचं. सासूबाईंना मात्र यात सरळसरळ अन्याय दिसायचा.

"जगाची झाडं पडतात," त्या म्हणायच्या, "आमच्याच दारातलं तेवढं ताठ उभं!"

आणि एका दुपारी ते पडलं. सोसाट्याचा वारा सुटला, मुळांनी जमीन सोडली आणि कुंपणाची भिंत सोबत घेऊन शिरीष रस्त्यावर आडवा झाला. नशीब, कोणाला खरचटलंही नाही. झाड तोडायला आलेल्या माणसांनी करवती सुरू केल्या तशी सुतारीण कंबर कसून मध्ये उभी राहिली. "फांद्या न्या, पानं न्या, पण खोडाला हात लावायचा नाही. खोड माझं!" सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. शेजारचा शिंपी त्यांना म्हणाला, "काकू, सुटलात एकदाच्या!" त्या वळून आत गेल्या.

खोड वखारीत पोचलं तेव्हा आरागिरणीवाल्याने कपाळाला हात लावला. रस्त्याकडेचं झाड म्हणजे त्याच्या मते खिळ्यांचं दुकान. लोक झाडावर पाट्या ठोकतात, दोऱ्या बांधतात, तारा गुंडाळतात. झाड बिचारं सगळं गिळून वर साल चढवतं, आणि भोगायचं मात्र आरागिरणीच्या पात्याने. सुतारणीने धातू शोधायचं यंत्र खोडावरून फिरवलं. ते इतकं केकाटलं की वखारीतलं कुत्रं उठून बाहेर गेलं. मग तिने पटाशी आणि पकड घेऊन मूठमूठ लोखंड उपसलं. भाड्याच्या खोल्यांच्या पाट्यांचे खिळे होते, वाळत घालायच्या दोरीचा एक जाडजूड हूक होता आणि एक काटा-चमचासुद्धा निघाला, तो तिथे कसा गेला ते देव जाणे. शेवटी खोड उभं कापलं गेलं आणि फळी उघडली. आत गर्द तपकिरी गाभा होता, कडेला पांढुरकी किनार होती आणि जिथे लोखंड बसलं होतं तिथे काळेनिळे डाग पसरले होते. सुतारीण ओल्या फळीवर तळहात ठेवून बघतच राहिली.

"आता टोकांना मेण लाव आणि विसर," आरागिरणीवाला म्हणाला. "वर्ष-दोन वर्षं हिचं नाव काढायचं नाही."

हे तिला सांगायची गरज नव्हती. हा तर तिचाच नियम होता. लाकूड पुरतं वाळल्याशिवाय ती त्याला रंधा लावत नसे, आणि घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला दारातूनच वाटेला लावायची. "झाडाने वाढायला आयुष्य घातलं, तुम्हाला वाळेपर्यंत थांबवत नाही?" असं एकाला ऐकवलं होतं. तो बिचारा स्वतःच्या लग्नाचा पलंग मागायला आला होता.

इकडे घरात वेगळंच चाललं होतं. सासूबाई गप्प झाल्या. खराटा कोपऱ्यात उभा राहिला तो राहिलाच. त्या उशिरा उठू लागल्या, पुढ्यात येईल ते खाऊ लागल्या, आणि एके दिवशी भाजीत मीठ घालायला सून साफ विसरली तरी पान स्वच्छ करून उठल्या. तेव्हा मात्र सुतारणीने नवऱ्याला गाठलं. ती म्हणाली, "आईंचं काहीतरी बिनसलंय." नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. तो म्हणाला, "अगं, किती शांत झालीय ती. बरं आहे की!"

"जगाला चष्मे लावतोस," ती म्हणाली, "एक स्वतःला लाव."

मग सासूबाईंनी जाहीर केलं की त्या आता धाकट्या लेकीकडे राहायला जाणार. दोन-चार दिवसांसाठी नाही, कायमच्या. लेक दुसऱ्या शहरात, उंच इमारतीत राहायची. तिथे खाली जायचं म्हटलं तरी लिफ्ट लागे. "इथं आता माझं काय काम?" एवढंच त्या म्हणाल्या. सुतारणीने लग्न झाल्यापासून ज्या दिवसाची मनातल्या मनात वाट पाहिली होती तो दिवस आला होता, आणि तिला घास गिळवेना. ही बाई गेली की घर मुकं होणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. थांबवायचं कसं ते मात्र कळत नव्हतं. 'राहा ना' असं म्हणायची दोघींत पद्धतच नव्हती. टोमणे मारायची होती.

जे तोंडाने जमलं नाही ते हाताने करायचं तिने ठरवलं, आणि तिथेच तिची अक्कल गहाण पडली. ती उठली, वखारीत गेली आणि शिरिषाची ओली फळी काढली.

"ओलं आहे," आरागिरणीवाला म्हणाला.

"मला दिसतंय."

"तूच सांगतेस ना सगळ्यांना..."

"तुम्ही कापा हो!"

खुर्ची मात्र तिने जीव ओतून आखली. सासूबाई पायरीवर बसतात तेव्हा एक पाय दुमडून मांडीखाली घेतात, म्हणून बैठक रुंद ठेवली. उठताना गुडघे कुरकुरतात, म्हणून ती थोडी उंच घेतली. हात इतके सपाट केले की चहाचा कप बिनधास्त ठेवावा. बैठकीची एकच अखंड फळी निवडली, तपकिरी गाभ्याची, मधोमध खिळ्याचा काळानिळा डाग असलेली. सांधे इतके घट्ट बसवले की तिचं तिलाच वाटलं, एवढीशी खुर्ची, काय होणार आहे! तरबेज माणूस चुकतो तेव्हा त्याची समजूत घालायला दुसरा कोणी लागत नाही.

खुर्ची समोरच्या खोलीत खिडकीशी आली. ती कुठल्या झाडाची आहे ते सासूबाईंना सांगावं लागलं नाही. त्यांनी डागावरून बोट फिरवलं, बसल्या, आणि म्हणाल्या, "छान आहे."

नवरा खूश झाला. सुतारीण स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली. इतक्या वर्षांत सासूबाईंनी तिच्या कुठल्याही गोष्टीला छान म्हटलं नव्हतं. पडद्यांना त्या 'झोळ्या' म्हणाल्या होत्या, टेबलाला 'पाट'. ज्या माणसाला सोडून जायचंय त्यालाच असं सभ्यपणे छान म्हणतात, हे तिला कळत होतं. आतल्या खोलीत बॅग उघडी पडली होती आणि तिच्यात रोज एक-दोन कपडे वाढत होते.

त्या खिडकीत पूर्वी शिरिषाची सावली असायची. झाड गेलं, सावली गेली, आणि दुपारभर ऊन थेट खुर्चीवर उतरू लागलं. ओल्या लाकडाला याहून वाईट काय हवं! सुतारीण नेमकी दुसऱ्या कामात गुंतली होती, तिच्या लक्षात आलं नाही. लेक सासूबाईंना न्यायला येणार त्याच्या आदल्या दिवशी सुतारीण ओट्याशी काहीतरी चिरत होती, तेवढ्यात बाहेर ताडकन आवाज झाला.

"अगं ए! इकडे ये आधी!"

त्या आवाजाने शिंप्याच्या हातातली कात्री थांबली म्हणतात. सुतारीण हातातली सुरी घेऊनच धावली. सासूबाई खुर्चीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि चेहरा लालबुंद झाला होता.

"हे काय करून ठेवलंयस? बसले तर ताडकन वाजलं! मला वाटलं, माझंच काहीतरी मोडलं. आणि हे बघ, डुगडुगते. काल या पायावर डुगडुगत होती, आज त्या पायावर. रोज नवा पाय! हिला काही लाजलज्जा आहे की नाही?"

सुतारीण गुडघ्यावर बसली. बैठकीला हातभर तडा गेला होता. मागचा एक पाय पिळून उचलला गेला होता. तिच्या हातून असलं काम कधी बाहेर पडलं नव्हतं. तिचे कान तापले.

"चुकलं, आई. लाकूड ओलं होतं."

"ओलं होतं? आणि तुला माहीत होतं?"

"हो."

"त्या पलंगवाल्या नवऱ्या मुलाला हाकललंस ना दारातून? केवढं लांबलचक ऐकवलंस त्याला! मग स्वतः ही घाई कशाला?"

"तुम्ही निघालात म्हणून," सुतारीण खाली बघत म्हणाली. "वाळेपर्यंत थांबायला वेळ नव्हता."

 सासूबाई त्याच डुगडुगत्या खुर्चीवर बसल्या.

"मी गेले तर तुझं काय अडतंय? सुटशील उलट."

"मलाही तसंच वाटलं होतं," सुतारीण म्हणाली. खोटं बोलायला तिला आता सुचतच नव्हतं. "पण तुम्ही गप्प झालात तसं घर खायला उठलंय. त्या दिवशी अळणी भाजी मुकाट्याने खाल्लीत. मला रडू आलं."

"अळणी होती ती. तोंडात घालवत नव्हती," सासूबाई तत्काळ म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. "मी या घरात आले ना, तेव्हा कोणाला उलटून बोलायची सोय नव्हती. सासूबाई बोलायच्या, नणंदा बोलायच्या, आणि तुझे सासरे तोंडच उघडायचे नाहीत. सगळं ऐकून घ्यायचं आणि पोटात ठेवायचं. मग मी सकाळी खराटा घेऊन बाहेर जायचे आणि त्या झाडाला सुनवायचे. सासूला म्हणायचं ते त्याला म्हणायचे, नणंदेला म्हणायचं ते त्याला. घरात सगळे म्हणायचे, सून किती कामसू! कधीकधी कचरा नसायचाच गं. तरी झाडत बसायचे."

 ज्या आवाजाला सुतारीण इतकी वर्षं कंटाळली होती तो कुठून येत होता ते तिला आज समजलं.

"आता मला बोलत जा," ती म्हणाली.

"तुला? तू उलट उत्तरं देतेस."

"नाही देणार. तोंड शिवून घेईन."

 सासूबाईंनी तिच्या हातातली सुरी काढून घेतली आणि खिडकीत ठेवली.

"देत जा," त्या म्हणाल्या. "मला कोणी देऊ दिलं नाही."

सुतारणीच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडलं. ते लपवायला तिने खुर्चीचा पाय तपासायला घेतला, आणि सासूबाईंनीही ते न दिसल्यासारखं केलं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "किती दिवस असे चाळे करेल ही?"

"पुरती वाळेपर्यंत. वर्ष, दीड वर्ष. कधी तडकेल, कधी पिळेल. मी उद्याच वखारीत नेते आणि..."

"हात लावू नकोस. राहू दे तिथंच."

मग त्या उठल्या, फोन घेऊन परत खुर्चीवर बसल्या आणि लेकीला फोन लावला. सुतारीण स्वयंपाकघरात जाऊन राहिलेलं चिरू लागली, पण कान बाहेरच होते.

"हे बघ, उद्या येऊ नकोस... अगं, बरी आहे मी, मला काय धाड भरलीय! खुर्ची तडकलीय माझी. ओल्या लाकडाची केली या शहाणीनं. एवढी शिकलेली, पण घाई बघ! आता ती वाळेपर्यंत दीड वर्ष तरी मला इथून हलता येत नाही. कोणीतरी लक्ष ठेवायला नको का?"

"आई," सुतारणीने आतून ओरडून विचारलं, "खुर्ची काय तुम्ही बघितल्याने वाळणार आहे?"

बाहेर खुर्ची करकरली.

"ऐकलंस?" सासूबाई फोनमध्ये म्हणाल्या, आणि तो आवाज शिंप्याच्या दुकानापलीकडे गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "ऐकलंस ना? उलट बोलते मला!"