मार्सेलाची बाजू

रुझिकाच्या मुलाचे गळ्याजवळचे हाड शुक्रवारच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात मोडले आणि शनिवारी सकाळी बेकरीतली पहिली कोलाची, म्हणजे सारण भरलेला गोड पाव, ताटात पडायच्या आत त्याच्या जागी येणारा मुलगा कसा कुचकामी आहे हे सगळ्या सीडर बेंड गावाला कळून चुकले. पुढच्या शुक्रवारी बाद फेरीचा सामना होता. हरले की हंगाम संपला.

"वेस हायेक?" मायलो क्रेयची म्हणाला. "त्याला क्वार्टरबॅक म्हणायचं तर माझ्या ट्रॅक्टरला विमान म्हणा. चेंडू कसा फेकतो बघितलंय का? तळ्यात चपटे दगड मारतात ना, तसा. कमरेतून."

"पण पोचतो ना?" डेनी पोस्पिशिल म्हणाला.

"पोचतो. पोस्टानं टाकलेलं पत्रही पोचतं."

शेजारच्या टेबलावरचे हसले. शाळेचा संघ, त्यातही क्वार्टरबॅक, म्हणजे गावातल्या प्रत्येकाचा हक्काचा विषय. प्रत्येक चाल ज्याच्या हातून निघते त्याला नावे ठेवायला कोणाला आवडत नाही? उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची सीडर बेंडमध्ये कधीच वानवा नव्हती.

लेनर्ड व्होंद्रा मात्र हसला नाही. तो मायलोकडे पाहत होता. टोमणा मारून झाला की मायलो थांबायचा, कॉफीचा कप उचलायचा आणि खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघायचा. ती खुर्ची मार्सेलाची. मार्सेला म्हणजे मायलोची धाकटी बहीण, लेनर्डची बायको. एप्रिलमध्ये, मक्याच्या पेरणीच्या आधी, ती गेली.

बहीणभावाचे आयुष्यात एकाही गोष्टीवर एकमत झाले नाही. हवामान, पाद्री, मोटारी, खसखशीच्या कोलाचीत मनुका घालाव्यात की नाही, सगळ्यावर वाद. लेनर्ड धान्याच्या कोठारावर नोकरीला होता आणि मुळात अबोल. घरात बोलायचे काम तिच्याकडे, ऐकायचे याच्याकडे, आणि दोघांनाही ते बरे पडायचे. दर रविवारी मायलो जेवायला यायचा, भाऊ-बहीण भांडायचे, लेनर्ड दोघांना वाढायचा.

ती गेल्यावरही मायलो रविवारी येत राहिला. पण आता दोन म्हातारे समोरासमोर बसून डुकराचे मांस आणि आंबट कोबी खायचे. "पाऊस येईलसं वाटतं का?" "नाही वाटत." एवढे झाले की जेवण संपायचे, आणि ताटे विसळायच्या आत मायलो टोपी उचलायचा. गेल्या महिन्यापासून तो म्हणू लागला होता, की ॲरिझोनातली लेक बोलावते आहे. हंगाम संपला की जातो. घराचे काय ते पुढे बघू. मायलोने घराबद्दल 'बघू' म्हणणे म्हणजे काय, ते लेनर्डला कळत होते. गावात लेनर्डचे म्हणावे असे ते एकच माणूस उरले होते, आणि त्याला धरून कसे ठेवावे हे लेनर्डला येत नव्हते.

मायलोने कप खाली ठेवला. खुर्चीकडे पाहून झाले होते. आता तो टोपी उचलणार हे लेनर्डला दिसले.

"त्याला घाई नसते," लेनर्ड म्हणाला.

काउंटरमागची व्हर्ना कॉफीचे भांडे हातात धरून तशीच उभी राहिली. "लेनर्ड बोलला का आत्ता?"

"काय म्हणालास?" मायलोने विचारले.

"हायेकच्या पोराला. घाई नसते." हे वाक्य मार्सेलाचे होते. गेल्या वर्षी सोमवारी सोमवारी ती गोधडी घेऊन दुसऱ्या फळीच्या पोरांचे सामने बघायला जायची आणि घरी येऊन हेच सांगायची. लेनर्ड ऐकायचा, म्हणून त्याला पाठ होते. "रुझिकाचा पोरगा चेंडू हातात आला की हात भाजल्यासारखा फेकतो. हा थांबतो."

"थांबतो कारण त्याला काही सुचत नाही!"

"तुला सुचतं ते तरी कधी बरोबर असतं?"

हेही तिचेच. मायलोचे कान लाल झाले, आणि मग त्याने खुर्ची पुढे ओढली. टोपी मांडीवर ठेवली.

"फुटबॉलमधलं तुला काय कळतं रे? तू मैदानाच्या कडेला मोजणीचा खांब धरून उभा राहतोस!"

"तूही खांबच धरतोस."

"मी पुढचा धरतो!"

त्या शनिवारी कॉफीचे पैसे कोणी द्यायचे म्हणून डेनीने फासे टाकले ते दोनदा, कारण दुसरी कॉफी घ्यावी लागली. आणि रविवारी मायलो जेवायला आला तो दारातूनच बोलत आला. रात्रभर विचार केला होता म्हणे. पोरगा बुटका आहे, समोरच्या आडदांड पोरांच्या डोक्यावरून त्याला दिसणार काय? लेनर्ड म्हणाला, वरून दिसत नसेल तर मधून बघेल. मायलो म्हणाला, मधून काय, दार आहे का तिथे? भाजलेले मांस ओव्हनमध्ये काळे झाले तरी कोणाला पत्ता नाही. मायलो अंधार पडल्यावर घरी गेला. लेनर्ड भांडी घासताना सारखा आठवत होता, की मार्सेला आणखी काय काय म्हणायची. आठवणीतले संपत आले होते. पुढच्या रविवारी काय बोलायचे?

पण आधी शुक्रवार होता.

लेनर्ड, मायलो आणि डेनी पंचवीसेक वर्षे साखळी सांभाळत होते. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे असते. ते दहा यार्ड म्हणजे दोन नारिंगी खांब आणि मधली साखळी. मागचा खांब डेनीचा, पुढचा मायलोचा. लेनर्डच्या हातात प्रयत्नाचा आकडा दाखवणारा तिसरा खांब. उभे राहायचे ते पाहुण्या संघाच्या बाजूला, त्यांच्या पोरांच्या गराड्यात. आणि नियम असा, की साखळीवाल्याला गाव नसते. ओरडायचे नाही, टाळी वाजवायची नाही, तोंडाला कुलूप.

त्यामुळे सामन्यात वाद घालायचा तो भुवयांनी.

वेस हायेकने पहिलाच लांबचा चेंडू समोरच्या संघाच्या हातात नेऊन दिला. मायलोने लांबून लेनर्डकडे पाहिले आणि दोन्ही भुवया टोपीत घातल्या. लेनर्डने आकडा बदलला. पुढे पोरगा दोनदा खाली पाडला गेला. मायलो आकाशाकडे बघत राहिला, जणू पोस्टमनची वाट बघतो आहे.

उत्तरार्धात मात्र पोरगा थांबायला लागला. अंगावर दोन धिप्पाड पोरे येताहेत आणि हा उभा, बस थांब्यावर उभे राहावे तसा. मग त्यांच्या उचललेल्या हातांखालून, कमरेतून, त्याने चेंडू सोडला. डोक्यावरून सोडला असता तर अडला असता. तो गेला नेमका जायचा तिथे. लेनर्डने आकडा बदलला तेव्हा खांब जरा उंच धरला गेला. मायलोने भुवया हलवल्या नाहीत. तो चेंडूकडे बघत होता.

शेवटी शेवटी सीडर बेंड चार गुणांनी मागे होते. चौथा, शेवटचा प्रयत्न, आणि दोन यार्ड हवे होते. वेसने चेंडू घेतला, डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, थांबला, आणि खाली मान घालून स्वतःच गर्दीत घुसला. माणसांचा ढीग झाला.

आणि मायलो धावला.

पंचाने खूण केल्याशिवाय साखळी हलवायची नाही, हे या कामातले पहिले आणि शेवटचे शहाणपण. मायलोने पंचवीस वर्षे ते पाळले होते. त्या दिवशी त्याने खांब उपसला आणि तो पुढच्या दहा यार्डांच्या दिशेने सुटला. साखळीला दुसऱ्या टोकाला डेनी होता. त्याला कोणी सांगितले नव्हते. तो खांबासकट ओढला गेला आणि पाहुण्यांच्या पाण्याच्या बाटल्यांवर आडवा झाला.

"अहो आजोबा!" पंच शिट्टी वाजवत आला. "निघालात कुठे?"

पाहुण्यांचा प्रशिक्षक टोपी आपटून ओरडू लागला. मायलो अर्ध्या वाटेत उभा, हातात खांब. सगळे मैदान त्याच्याकडे बघत होते. बरे झाले, की अशा प्रसंगासाठीच साखळीला एक चिमटा लावलेला असतो आणि तो मैदानाच्या कोणत्या रेघेवर होता हे पंच लक्षात ठेवतो. चिमटा पुन्हा त्याच रेघेवर धरून खांब जागच्या जागी उभे केले. मग मोजणीसाठी साखळी मैदानात नेली. मायलोने ती स्वतःच्या हाताने ताणली. ताणली सरळ, एक कडीही ढिली न ठेवता.

चेंडू चार बोटे मागे होता. तो पाहुण्यांकडे गेला.

हंगाम संपला.

पाहुण्यांचा प्रशिक्षक जाताना मायलोच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तुमच्या पोरापेक्षा तुम्हीच पुढे गेलात, आजोबा." परतताना गाडीत मायलोने टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. लेनर्डला वाटले, संपले. आता हा सामान बांधणार.

शनिवारी सकाळी बेकरीत गर्दी होती. लेनर्ड आधी येऊन बसला. मायलो येईल की नाही, याची त्याला खात्री नव्हती. तो आला. शेजारच्या टेबलावरून कोणीतरी म्हणाले, "मायलो, बसून घे बाबा, खूण झालेली नाही." सगळे खो खो हसले. डेनी कोपराला पट्टी बांधून आला होता, तोही हसला.

"पाय घसरला," मायलो म्हणाला.

"घसरून थेट पुढे?" व्हर्नाने विचारले.

मायलोने तिच्याकडे दुर्लक्ष केले आणि लेनर्डसमोर बसला. "मी म्हटलं होतं की नाही? कमी पडतो. पडला. चार बोटं म्हणजे कमीच." तो थांबला. खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिले. "आता ती असती तर म्हणाली असती, मोजणीच चुकली."

खरेच तसे म्हणाली असती. लेनर्डच्या ओठावरही तेच आले होते. पण त्याने ती साखळी ताणलेली पाहिली होती.

"मोजणी बरोबर होती," तो म्हणाला. "पोरगा कमी पडला. आणि पोरगा चांगला आहे. दोन्ही खरं आहे."

"हे काय? ती असं कधीच म्हणाली नसती."

"नाही, म्हणाली नसती."

"मग ही कोणाची बाजू?"

"माझी," लेनर्ड म्हणाला.

मायलोने कोलाचीचा तुकडा तोडला आणि तोंडात टाकायचा विसरून हातातच धरून बसला.

"म्हणजे आता मला दोघांशी भांडायचं? तिच्याशी वेगळं, तुझ्याशी वेगळं?"

"तुझं तू बघ."

"ॲरिझोनात बसून हे कसं जमायचं?" मायलो चिडून म्हणाला. "पुढच्या वर्षी तोच पहिल्या फळीत खेळणार. इथे मी नसलो तर तू सगळ्या गावाला पटवून देशील, की हे पोर म्हणजे देवाची देणगी आहे. नाही, नाही. जानेवारीत जाईन, ऊन खाऊन परत येईन. पोरीला सांगतो, घर विकायचं नाही म्हणून."

"सांग."

"आणि तो कमरेतून फेकतो. ते आधी सोडव."

"म्हणून तर त्यांच्या हाताखालून गेला."

"एकदा!"

"तीनदा," लेनर्ड म्हणाला, आणि आपली खुर्ची टेबलाच्या जवळ ओढली.