वरच्या खिशातली काडेपेटी

वाटाड्याने बायकोची पिशवी तिसऱ्यांदा रिकामी केली आणि चौथ्यांदा भरायला घेतली, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, मी एका रात्रीसाठी जातेय. नांदायला नाही चाललेय."

"जड सामान तळाशी घालायचं नसतं. पाठीला लागून, मध्यावर. नाहीतर चढावर पिशवी मागे ओढते."

"ओढू दे. मागे ओढणाऱ्याची मला सवय आहे."

तो हसला, पण मान वर केली नाही. बोलणं खरं होतं. तीस वर्षं तो लोकांना तीन सुळक्यांवरून न्यायचा. पहिला म्हातारी, दुसरा दाढ आणि तिसरा इतका उभा नि तुसडा, की त्याचं नाव कुणीतरी नणंद ठेवलं होतं. दोन दिवसांची वाट, मधली रात्र दाढ आणि नणंद यांच्यातल्या खिंडीत. दर वर्षी बायको म्हणायची, मलाही यायचंय. दर वर्षी तो म्हणायचा, पुढच्या वर्षी. आधी लेक पाळण्यात होती, मग लेकीची शाळा आली, मग सासूबाईंनी अंथरूण धरलं. पुढची वर्षं येत गेली आणि तशीच मागे पडत गेली. या वर्षी बायको मोकळी झाली, तर याचे गुडघे गेले. डॉक्टरांनी फोटोवर पेनाने टकटक केलं आणि म्हणाले, "डोंगर आता खिडकीतून बघायचे." यांच्या खिडकीतून शेजारच्यांची पाण्याची टाकी दिसायची.

मग एके दिवशी जेवताना बायकोने जाहीर केलं, "मी लेकीबरोबर जाणार." लेक वाट बापाकडूनच शिकलेली, आता तीच लोकांना न्यायची. बायको चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर मुंगीएवढे स्क्रू फिरवायचे आणि लोकांच्या नाकांची मापं घ्यायची. तिने दोन दिवसांची रजा टाकली. कुणाचं आजारपण नाही, कुणाचं लग्न नाही, अशी तिच्या आयुष्यातली ती पहिलीच रजा. मालक म्हणाले, "सगळं ठीक आहे ना घरी?"

वाटाड्या पिशवी भरत होता. स्लीपिंग बॅग, कोरडे मोजे दोन जोड, पातेलं, त्या पातेल्यात चहापत्ती नि साखर, मेणकापडात गुंडाळलेल्या वाळक्या काटक्या. खिंडीत त्याने स्वतःच्या हाताने रचलेली दगडी चूल होती. वारा अडवायला तिच्या तिन्ही बाजूंना गुडघाभर भिंत. त्या चुलीबद्दल त्याचा एक कडक नियम होता. फार वर्षांपूर्वी एका हौशी पाहुण्याने काडी फेकली आणि खिंडीतलं वाळकं गवत पेटून अर्धी उतरण काळी झाली. तेव्हापासून चमूत काडेपेटी एकच, आणि तीही पुढे चालणाऱ्याच्या खिशात. बाकी कुणाकडे सापडली तर तो माणूस तिथूनच परत. त्याची स्वतःची काडेपेटी म्हणजे गोळ्यांची जुनी प्लॅस्टिकची बाटली होती. आत काड्या, झाकणाच्या आतून चिकटवलेली घासायची पट्टी. पावसात भिजली, ओढ्यात पडली, तरी कधी दगा दिला नाही.

सकाळी सहाला दोघी निघाल्या. तो फाटकापर्यंत सोडायला उतरला.

"पोचलात की कळवा हं."

"बाबा, वर रेंज नसते," लेक म्हणाली. "सगळ्यांना तुम्हीच सांगत आलात."

"हो, पण तरी."

बायको त्याच्याकडे बघून गालातल्या गालात हसली. हे 'पण तरी' तिचं होतं. तीस वर्षं याच फाटकात उभं राहून तिने म्हटलेलं.

दोघींना घेऊन बस वळली. तो जिन्याकडे वळला. पहिल्या वळणावर गुडघा दाबायला वाकला आणि शर्टाच्या वरच्या खिशात काहीतरी खुळखुळलं.

तो तसाच वाकलेला राहिला.

सगळं सामान बायकोच्या पिशवीत गेलं होतं आणि विस्तव मात्र रीतीप्रमाणे पुढे चालणाऱ्याच्या खिशात. पुढे चालणारा बदललाय, हे हातांना कुणी सांगितलंच नव्हतं. काय काय द्यायचं ते देऊन झाल्यावर हातांनी गुपचूप त्याचीही तयारी केली होती.

बायकोचा फोन बंद. लेकीचा लागेना. लेक एरवीही हीच बाटली न्यायची, तिने दुसरी काडेपेटी घेणं शक्य नव्हतं, नियम तिच्या अंगात त्यानेच भिनवला होता. पिशवी बाबांनी भरलीय म्हणजे बाटली आत असणारच, असं समजून ती निघाली असणार. या दिवसांत पहाटे खिंडीत पातेल्यातल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो. बायकोचे पाय घरात दोन पांघरुणांखालीही गार असतात. आणि सकाळचा चहा झाल्याशिवाय ती देवाशीसुद्धा बोलत नाही. इतकी वर्षं थांबून ती एकदाची वर गेली आणि आपण तिला विस्तवाविना पाठवली.

त्याने गुडघ्यांना पट्टे बांधले, काठी घेतली आणि दहाची बस धरली.

पायथ्याशी चहाची टपरी होती. टपरीवाल्या मावशी त्याला कित्येक वर्षं ओळखत होत्या. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"वहिनी सकाळीच वर गेल्या. तुम्ही काय आता उरलेले जाताय?"

"एक वस्तू राहिलीय. द्यायची आहे."

"कुठवर जाणार?"

"झऱ्यापर्यंत तरी."

"गुडघे काय म्हणतात?"

"त्यांना विचारलं नाही."

मावशींनी मान हलवली आणि त्याच्या खिशात एक बिस्किटांचा पुडा कोंबला.

झरा चाळीस मिनिटांवर. लोकांना तो सांगायचा, इथे बसायचं नाही, बसलात तर उठवणार नाही. आज त्याला पावणेतीन तास लागले आणि वाटेत तो अकरा वेळा बसला. प्रत्येक दगड ओळखीचा होता. लग्नात लांबचे नातेवाईक बघावेत तसा तो एकेकाकडे बघत होता आणि ते दगड, तुम्ही अगदीच वाळलात हो, असं म्हणाल्यासारखे गप्प होते.

झऱ्यापलीकडे पहिली खडकाची पायरी. छातीएवढी, उजवीकडे पाय ठेवायला खोबण, वर डाव्या हाताला पकड. त्याने पाय खोबणीत ठेवला. हात आपसूक वर गेला आणि पकडीत जाऊन बसला, कुलपात किल्ली बसावी तसा. मग त्याने अंग उचललं. गुडघा उचलेना. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा त्याने दात आवळले, डोळे मिटले, आणि खालचा पाय वीतभर सुटला नि पुन्हा खाली आला.

त्याने कपाळ खडकाला टेकलं. उन्हाने तापलेला खडक उबदार होता. याच्यावरून आपण शेवटचे गेलो, तो दिवस कुठला होता? तेव्हा हे शेवटचं आहे हे कुणी सांगितलं असतं, तर इथे जरा थांबलो असतो. उलट मागच्यांना ओरडत होतो, चला, उरका, ऊन चढतंय.

त्याने वर तोंड करून दोघींना हाका मारल्या. हाका म्हातारीवर आपटून परत आल्या.

मग तो झऱ्याशी बसला. इथून दाढेच्या बाजूने खिंडीची खाच तेवढी दिसायची. ऊन सुळक्यांवरून सरकत वर गेलं, नणंदेच्या टोकाशी क्षणभर लाल झालं आणि गेलं. आता त्या पिशव्या उघडत असतील. बायको पातेलं काढेल. लेक म्हणेल, आई, काडेपेटी दे. मग दोघी पिशवी उलटीपालटी करतील. त्याने खिशावर हात दाबून धरला.

आणि खाचेत एक ठिपका पेटला.

विजेरी पांढरी असते. हा नारिंगी होता, आणि हलत होता. चुलीचा जाळ. त्याच्या हातच्या भिंतीआड, त्याने बांधलेल्या काटक्यांचा.

"पेटली," तो झऱ्याला म्हणाला. छातीवरचा धोंडा उतरला. मग त्या मोकळ्या झालेल्या जागेत दुसरंच काहीतरी येऊन बसलं. पेटली. याच्यावाचून पेटली. आता पातेलं चढेल, आधण येईल, बायको हात शेकेल आणि तिच्या चेहऱ्यावर तो उजेड पडेल, जो त्याने शेकडो परक्या चेहऱ्यांवर पाहिला होता आणि तिच्या एकदाही नाही.

अंधार दाट व्हायच्या आत तो उतरायला लागला, बसून बसून, रांगत्या लेकरासारखा. मावशींनी टपरीच्या ओसरीत अंथरूण घालून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी उतरल्या. बायकोचं नाक उन्हाने सोललं होतं, केसांत गवताच्या काड्या होत्या आणि ती चालत होती एखाद्या नवरीसारखी, सगळ्यांनी बघावं अशी. टपरीवर त्याला पाहून ती थबकली.

"बाबा! इथे कसे?" लेक ओरडली. "डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

त्याने खिशातून बाटली काढून बाकावर ठेवली.

लेकीने आधी बाटलीकडे पाहिलं. मग तिने आईकडे पाहिलं. "आई, तू तर म्हणालीस बाबांनी स्वयंपाकघरातली काडेपेटी दिलीय!"

"तू पाणी पिऊन ये बघू आधी," बायको म्हणाली. लेक गेल्यावर ती त्याच्या शेजारी टेकली. "स्वयंपाकघरातली मीच घेतली. मोज्यात लपवून. नियम मोडला. इथून परत पाठवा आता."

"तुला माहीत होतं?"

"दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघत असते मी. तुम्ही बाटली खिशात टाकलीत, खिशावर थाप मारलीत. जाताना मारायचात तशीच."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर काढून दिली असतीत." ती बुटाची नाडी सोडत होती. "मग तुमच्याकडे काय राहिलं असतं?"

त्याने बाकावरची बाटली हातात घेतली. मग म्हणाला, "कसं होतं?"

बायकोने नाडी सोडली आणि त्याच्याकडे पाहिलं. तीस वर्षं ती हेच विचारायची, दारात, त्याच्या हातातली पिशवी घेताना. आणि तो म्हणायचा, छान, आणि आंघोळीला जायचा.

"छान," ती म्हणाली.

तो ओशाळला. कान लाल होईस्तोवर ओशाळला. बायकोने त्याला पुरतं ओशाळू दिलं आणि मग हसली.

"मावशींचा स्टोव्ह विझलाय. तो पेटवा. चहा होईपर्यंत सगळं सांगते, अगदी पहिल्या पायरीपासून."

त्याने झाकण फिरवलं, काडी ओढली. एका काडीत स्टोव्ह पेटला. विझलेली काडी त्याने सवयीने बाटलीत परत टाकली.

पहिल्या पायरीपासून सुरू करून आधण येईपर्यंत ती दाढेवर पोचली. "तर काय," बायको म्हणाली, "दाढ उतरलो आणि मागे एक झाड होतं. वाकडं, सगळं एका अंगाला कललेलं, जसं कुणी त्याला हाक मारली नि ते वळलंय. इतकं सुंदर! त्याच्याबद्दल तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"आहे अजून?" वाटाड्याने विचारलं. "पानं होती त्याला?"