दहा निळी दारं

“सही हितं करा बाई, म्हंजे जेवायला बसू,” म्हणत कल्याण अधिकारी मोहनरावांनी जीपच्या बॉनेटवर कागद पसरला.

तुळजाबाईंनी पेन घेतलं, पण त्यांची नजर कागदावर नव्हती. साखर कारखान्याच्या मागं ऊसतोड मजुरांचा तळ होता. उसाच्या पाचटानं शाकारलेल्या दोनेकशे कोप्या, आणि त्यांत चिटपाखरू नाही. एक कुत्रं तेवढं सावलीला पडलं होतं.

“मानसं कुटं गेली?”

“फडात, ऊस तोडाया.”

“मंग पाहनी कुनाची करायची? कुत्र्याची?”

मोहनराव खो खो हसले. बाई गंमत करतात असं त्यांना वाटलं आणि तिथंच ते फसले.

कारखान्याच्या संचालक मंडळाची एक ‘नीतिमूल्ये व सामाजिक जबाबदारी समिती’ होती. खरेदी समितीवर जायला संचालक एकमेकांच्या उरावर बसत. या समितीत नुसतीच जबाबदारी, म्हणून तिचं अध्यक्षपद महिला राखीव जागेवरून नव्यानंच निवडून आलेल्या तुळजाबाईंच्या गळ्यात पडलं. वर्षातून एकदा बारा वाजता पाहणी, एक वाजता सही, दीड वाजता मटण. यंदा मात्र अहवाल पुरस्कारासाठी पाठवायचा होता आणि आज पाचच्या आत जायला हवा होता. ऐन दुष्काळात मजूर बायकांसाठी दहा संडास बांधणारा आदर्श कारखाना! सगळं छापून तयार, फक्त सही बाकी.

पण नांदूरघाटच्या या बाईंनी चौदा हंगाम ऊस तोडलाय, हे अहवाल लिहिणारा विसरला होता. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. म्हणजे चौदा वर्षं तुळजाबाई अर्धा कोयता होत्या. भर दुपारी तळावर कोण असतं, हे त्यांना कुणी शिकवावं?

त्या तडक संडासांकडं निघाल्या. दहा दारं, निळाशार रंग. पण तिथवर पायवाट म्हणून नव्हती, उंबऱ्याशी वाळलं गवत उभं होतं. आणि दहाच्या दहा दारांना कुलपं.

“आसाराम, कुलपं कावून रं?”

म्हातारा रखवालदार आसाराम अभिमानानं पुढं आला. “उघडं ठिवलं की घान व्हतंय आक्का. मंग समिती आल्यावर काय दावायचं? दोन सालांपास्नं तुमच्यासाठीच राखून ठिवलंय.”

बिचारा खरं तेच बोलला. तुळजाबाईंना मात्र बायनाबाई आठवली, त्यांची टोळीतली सोबतीण. अंधार पडल्याबिगर बाईमाणसाला आडोशाला जाता येत नसे. एकीनं जायचं, दुसरीनं उभं राहून राखण करायची, असा दोघींचा नेम. एके दिवशी तुळजाबाई तापानं फणफणल्या आणि बायना एकटीच उसात गेली. पहाटे सापडली ती साप चावून निळी पडलेली. तिचा अहवाल कुणी लिहिला नाही.

“किल्ल्या आन.”

“सायबाला इचारतो…”

“अरे, सायबच मला सही मागायलाय. आन किल्ल्या!”

मोहनरावांनी घाईघाईनं चेअरमन सुंदररावांना फोन लावून दिला. “बाई, आज सही न्हाई झाली तर पुरस्कार गेला बघा,” पलीकडून आवाज आला. “आन पुढच्या पॅनलात तुमचं नाव टाकायचं का न्हाई, त्योबी इचार करावा लागंल.”

“नाव खुशाल गाळा. पाहनीला मानसं लागत्यात साहेब, आन ती दिवस कलल्यावर येत्यात. आज बघीन, मंग उद्या जे हाय त्ये लिव्हा, अंगठा बी दीन आन सही बी करीन.”

त्यांनी फोन परत दिला, आसारामकडून दहाही कुलपं काढून घेतली आणि उंबऱ्यावर बैठक मारली. मटण निवलं. पाच वाजले, पुरस्कार गेला. कारखान्याच्या बागेला निघालेला पाण्याचा टँकर तेवढा बाईंनी वाटेत आडवं उभं राहून तळावर वळवून घेतला.

दिवस कलला तशा डोक्यावर वाढ्याचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे घेऊन बायका आल्या. दहा दारं उघडी बघून घोळका करून उभ्या राहिल्या, पण पुढं कुणी होईना.

वत्सला नावाची एक पोरसवदा बाई तेवढी दोन पावलं पुढं आली. “आत गेलं तर कुनी बोलंल का वो?”

“बोलंल ते मला बोलंल. जा तू.”

ती आत गेली. जरा वेळानं आतून हलका आवाज आला, “मावशी, कडी लागंना. रंगानं बसलीया.”

“न्हाई लागली तर ऱ्हाऊ दे. म्या हाय हितं भाईर.”

तुळजाबाई उठल्या. दार ओढून घेतलं, त्याला पाठ लावली आणि उसाकडं तोंड करून उभ्या राहिल्या. डोळे भरून आले होते, ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही. मोहनरावांनी जीपमधून दोनदा हॉर्न वाजवला.

त्या जागच्या हलल्या नाहीत. दुसऱ्या बाईचा नंबर आला, मग तिसरीचा.