गुरम्माचा इन्व्हर्टर

"मावशी, हा आधी कुणी उघडला होता का?" इन्व्हर्टरचं झाकण काढत दुरुस्तीवाल्या बुशराने विचारलं. जळक्या बोर्डाचा वास दुकानभर पसरला.

"हाव. मागल्या हप्त्यात गल्लीतल्या एकानं नवे ट्रान्झिस्टर टाकले. आज सकाळी लाइट गेली अन् फाटकन् आवाज झाला."

गुरम्मा स्टूल असूनही उभीच होती. तिच्या नवऱ्याला, मडिवाळप्पाला, श्वासासाठी ऑक्सिजनचं यंत्र लागायचं. लोडशेडिंगमध्ये ते इन्व्हर्टरवर चाले. आज शेजाऱ्यांकडचा अर्धा उरलेला ऑक्सिजन सिलिंडर त्याला लावून ती ऑटोने आली होती.

मडिवाळप्पा निलंग्याकडचा गवंडी. भूकंपानंतर किल्लारीकडे नवी गावं वसली, तेव्हा तो कितीतरी वर्षं तिथे दगड घडवत, सिमेंट कालवत राबला. लोकांना घरं मिळाली, त्याच्या छातीत धूळ बसली. पुढे दोघं लातुरात आले, तिथे क्लासची पोरं लोटली आणि गुरम्मा त्यांचे डबे करू लागली. मोठ्या दवाखान्याने आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं.

बुशराने फुटलेले ट्रान्झिस्टर काढले. नवे लगेच बसवले नाहीत. बोर्डाला वीज देऊन, ट्रान्झिस्टरला चालू-बंदचा इशारा मिळतो त्या एकेका जागी ती मीटर टेकवू लागली. तीन जागी आकडा सारखा आला. चौथ्या जागी पूर्ण बारा व्होल्ट, हलायलाच तयार नाही.

"ड्रायव्हर चिप गेली मावशी. कुठला ट्रान्झिस्टर कधी बंद व्हायचा ते ही सांगते. ही एकाला बंदच करून न्हाई राहिली. कितीबी नवे टाका, उडणारच."

"मग टाक की दुसरी."

"संपल्या. नांदेडहून मागवल्या, पार्सल संध्याकाळी येईल."

पदराने तोंड पुसून गुरम्मा रस्त्याकडे बघत राहिली.

फळीवर एका हॉस्टेलचा दुरुस्त झालेला मोठा इन्व्हर्टर होता. त्याला दोन बॅटऱ्या लागत आणि गुरम्माकडे एकच होती. आतली चिप मात्र तीच होती. तेवढ्यात तो न्यायला हॉस्टेलचा वॉर्डन व्यंकटी टमटम घेऊन आला. बुशराने त्याला सगळं सांगून त्यातली चिप काढू का, असं विचारलं.

"नको ताई. उद्या पोरांची टेस्ट हाय. अंधारात बसवू का त्यांना? सर मला हाकलून देतील."

"पार्सल आलं की लगेच लावून देते, व्यंकटीभाऊ."

व्यंकटीचं लक्ष गुरम्माकडे गेलं. दोन्ही वेळा तिच्याच डब्यावर तो जेवायचा. "काका कसे हायती?" त्याने हळूच विचारलं.

"सकाळी पाणी मागितलं," ती म्हणाली. "पिता आलं न्हाई."

व्यंकटीने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "काढा ताई. सरांना सांगतो, काम झालं न्हाई म्हणून."

कथलाचे डाग वितळवून बुशराने चिप अलगद सोडवली, गुरम्माच्या बोर्डावर बसवली. पुन्हा मीटर लावला. चारही आकडे सारखे. मग नवे ट्रान्झिस्टर, मग दुकानातली बॅटरी जोडून बल्ब. बल्ब स्थिर जळाला. व्यंकटीनेच इन्व्हर्टर टमटममध्ये ठेवला आणि तिघं निघाले.

घरासमोर बायका जमल्या होत्या. त्यांना पाहून गुरम्माने टमटम थांबायचीही वाट पाहिली नाही. बुशरा मागोमाग आत शिरली. सिलिंडरचा आवाज थांबला होता. शेजारणीने मडिवाळप्पाचे डोळे मिटवले होते.

बराच वेळ गुरम्मा त्याच्या उशाशी बसून होती. पत्र्याचं घर तापलं होतं. लाइट अजून आली नव्हती. व्यंकटी इन्व्हर्टर हातात धरून दारातच उभा होता.

"आणलाच हाय तर जोड पोरी," गुरम्मा म्हणाली. "लेक पुण्याहून यायचाय. तवर पंखा तरी लागू दे. ह्यांना गरम लई व्हायचं."

बुशराने तारा आवळल्या आणि बटण दाबलं. पंखा फिरू लागला. कोपऱ्यातल्या ऑक्सिजनच्या यंत्राचं बटण सकाळपासून तसंच चालू राहिलं होतं. तेही धापा टाकत सुरू झालं. त्याची नळी जमिनीवर पडली होती.

गुरम्मा उठली. तिने यंत्र बंद केलं. मग नळी उचलली, पदराने पुसली आणि हळूहळू तिचं वेटोळं करू लागली.