आन्सेल्मोच्या छापखान्यातला मी

मी कवितांचा एक पातळसा संग्रह बोलतोय. मोंतेविदेओ शहरात, एका गॅरेजमधल्या छापखान्यात माझा जन्म झाला. अंगावर कव्हर म्हणाल तर खाटकाकडचा तपकिरी कागद! लष्कराच्या राजवटीत चांगला कागद आमच्या वाट्याला कुठून यायचा?

आन्सेल्मो छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा आणि त्याची बायको नेलिदा माझी पानं शिवायची. आमच्याकडे पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापणाऱ्याचं नाव, पत्ता आणि छपाईचा महिना देतात. पहिली आवृत्ती ओळखायची ती त्यावरूनच.

"या वेळी तेवढं पान गाळ रे," नेलिदा म्हणाली. "कविता कुणावर आहेत ठाऊक आहे ना? आपणहून वाघाच्या जबड्यात हात घालतोयस!"

"कवीनं नाव द्यायचं आणि मी काय बुरखा घ्यायचा?" तो हसला. "आजवर एक पुस्तक बिननावाचं सोडलं नाही."

कारागिराचा ताठा, दुसरं काय! मला मात्र तेव्हा त्याचा फार अभिमान वाटला.

पुढे एका झडतीत माझं एक भावंड सैनिकांच्या हाती लागलं. कविता कोण वाचतंय? त्यांनी ते थेट मागून उघडलं. त्याच दुपारी आन्सेल्मोला घेऊन गेले.

मग नेलिदा घरोघर फिरली. "ते पान तेवढं फाडा हो. पुरावाच नसला तर सोडतील त्याला." लोकांनी फाडलं. मी एका शिक्षिकेकडे होतो. माझं पान नेलिदानं स्वतःच फाडलं आणि तिथल्याच चुलीत टाकलं.

आन्सेल्मो परत आला नाही. त्याचं प्रेतही कुणी दिलं नाही.

राजवट गेली. शिक्षिका वारली आणि मी जुनी पुस्तकं विकणाऱ्या ओरेस्तेसच्या दुकानात आलो. आता मला भाव आलाय. शौकीन आले की ओरेस्तेस समजावतो, "शेवटचं पान असेल तर ती परदेशातली दुसरी आवृत्ती. त्यात छापणाऱ्याचं नाव भलत्याचंच. अस्सल पहिली ती फाटकीच!" शौकीन खूश होऊन माझ्या जखमेवर बोट फिरवतात. त्यांचा मला संताप येतो.

परवा नेलिदा आली. तिला आता दिसत नाही.

"पान असलेली प्रत मिळाली का रे?"

"नाही हो, नेलिदाबाई. ही एक आलीय. बघा, टाके तुमचेच ना?"

तिनं मला चाचपलं. "टाके माझे. फाडलंयही मीच." फाटक्या कडेवर तिचं बोट थांबलं. "त्याला कबर नाही, ओरेस्तेस. ज्या पुस्तकापायी तो गेला, त्यात तरी त्याचं नाव होतं. तेही मी दारोदार जाऊन पुसलं."

ओरेस्तेसनं 'माते' या कडवट चहाचा गरम पेला तिच्या हातात दिला आणि मला फळीवर ठेवलं.

वाचकहो, एकच विनवणी. माझं एखादं भावंड तुमच्याकडे असलं, तर मागून उघडून बघा. त्या वेळी नेलिदाचं न ऐकणारा एक तरी माणूस या शहरात निघू दे. निघालाच, तर पुस्तक घेऊन लवकर या आणि ते नाव तिला मोठ्यानं वाचून दाखवा.